पाठवणीचं इंग्रजी गाणं

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा मे महिना असावा. गावाहून एस.टी.त अंग आंबवून मी पहाटे बोरीवलीत उतरलो, तोही एक थांबा आधीच. ट्रंक खांद्यावर घेऊन वीस मिनिटं पायपीट झाली. समोर राष्ट्रीय उद्यानाची टेकडी वाळून तपकिरी पडली होती आणि चहाच्या टपरीवर एक इंग्रजी रॉक गाणं जोरात वाजत होतं. त्या वर्षी ते जिकडेतिकडे वाजत होतं, आणि त्याच्यासाठीच मी आलो होतो.

शांताराममामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. गिरणी सुटल्यापासून त्यावरच त्याचं पोट होतं. त्यानं पत्र पाठवलं होतं : 'तू शाळेत इंग्रजी शिकवतोस. एका गाण्याचा अर्थ सांगायला ये.' मला हसू आलं, पण आई म्हणाली, "जा. तो उगाच बोलावणारा नव्हे."

"इलंस? बरा झाला," म्हणत मामानं दार उघडलं. भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवून त्यानं अडचण सांगितली. गाण्याची सुरुवात संथ, म्हणून बँडच्या मालकानं ते रविवारच्या लग्नात नवरीच्या पाठवणीला ठेवलं होतं. मामाला नाही जमलं, तर नवा कीबोर्डवाला वाजवणार होता.

"चाल बसली," मामा म्हणाला. "पण अर्थ म्हायत नसलो, की दम खंय सोडूचो (श्वास कुठे तोडायचा) ता कळणा नाय."

टेप गुंतली. पेन्सिलीनं गुंडाळून पुन्हा लावली. दोनदा ऐकलं आणि अर्थ लागला. गायक जुन्या वाजवणाऱ्यांना चिडवत होता : तुमच्या चालीवर आता कुणी नाचत नाही, वाद्यं पेटीत ठेवा, दारात नवी मंडळी आलीत. काहीतरी गोड बनवून सांगायचं मी ठरवलं. पण मामाशी खोटं बोलायची माझी कधीच छाती झाली नाही. सगळं सांगून टाकलं.

मामा क्लॅरिनेटची पत्ती (फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी) जिभेवर ओली करत ऐकत होता. "शेवटाक गाणा हळू होता, थंय काय म्हणता तो?"

"म्हणतो, उद्या माझीही पाळी येईल."

"मगे तो रडताच आसा," मामा म्हणाला. "थंयच दम सोडूचो."

रविवारी मालाडच्या मंडपात जिलेबीची पंगत उठली आणि संध्याकाळी नवरी निघाली. मामानं गाणं धरलं. वऱ्हाडात इंग्रजी कळणारे पुष्कळ असतील, पण कुणी हसलं नाही. शेवटच्या ओळीला त्यानं श्वास तोडला, आणि नवरीच्या आईला हुंदका आवरेना. माझेही डोळे भरून आले.

"मास्तर, झकास!" मालक मामाला म्हणाला. मग नजर चुकवत, "पण पुढच्या सीझनला कीबोर्डच ठेवतोय. लोकांना तेच हवं ना."

मामानं क्लॅरिनेटचे भाग सुटे केले, एकेक पुसला आणि पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो मला एस.टी.वर सोडायला आला. गाडी हलताना म्हणाला, "आक्काक सांग, औंदा लावणेक येतंय (यंदा भातलावणीला येतोय)."

घरी निरोप ऐकून आई हरखली. वीस वर्षांत मामा लावणीला आला नव्हता. ती लगेच माळ्यावरची त्याची घोंगडी उन्हात टाकायला निघाली. "किती दिवस राहील रे?" तिनं विचारलं.

परक्या भाषेतल्या गाण्याचा अर्थ मी दोनदा ऐकून सांगितला होता. आपल्या बोलीतल्या त्या एवढ्याशा निरोपाचा अर्थ आईला सांगायला मला चार दिवस लागले.