बैलाचाच डोळा कामून?

शाळेत वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. माझे तर निम्मे एकाच इंग्रजी शब्दाभोवती साचलेत: बुल्सआय! निशाणाच्या वर्तुळांतला अगदी मधला ठिपका. बीदरजवळच्या जनवाड्याच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायला आलो, तेव्हा मला एवढाच अर्थ येत होता.

*

उदगीरहून रुजू व्हायला आलो, त्या सकाळी बीदरच्या स्टँडजवळ हॉटेलात बसलो. वेटर म्हणाला, "साब, आमलेट या बुल्सआय?"

एम.ए. इंग्लिश झालेला माणूस मी! तरी विचारावं लागलं, "बुल्सआय म्हणजे?"

"अंडाइच है साब. बस, पलटाते नईं!"

*

शिवलीला अक्का आमच्या कन्नडच्या बाई. क्रीडादिनाला शिक्षकांसाठी चेंडूनं डबे पाडायचा खेळ होता. माझा चेंडू डब्यांच्या बाजूनं गेला. अक्का ओरडल्या, "गुरि तप्पितु!"

मला तेव्हा कन्नड कुठं येत होतं? मी घाबरून फाटकाकडं बघितलं. "कुणाची गुरं सुटली, अक्का?"

"गुरि म्हणजे नेम, सर! तुमचा नेम चुकला. गुरं जागेवर हायत!"

*

पी.टी.चे बसवराज अण्णा एकदा बांबूचं धनुष्य घेऊन आले. सगळ्यांना बाजूला केलं, एक डोळा मिटला, बाण सोडला. तो गेला शेजारच्या निशाणावर, बरोब्बर मधोमध.

"बुल्सआय!" अण्णांनी हात वर केले.

"अण्णा, आपलं निशाण हे होतं."

"मधी लागलं ना सर? मग कुणाचं का असंना!"

तेव्हा पोट धरून हसलो. पण आमची पोरं पुण्या-हैदराबादला एक व्हायला जातात, भलतंच होतात आणि सुखात राहतात. अशी कुणी रस्त्यात भेटली, की अण्णांचं काही चुकलं नव्हतं असं वाटतं.

*

वर्गात हा शब्द शिकवताना मी दरवर्षी बजावतो, "बुल म्हणजे बैल, आय म्हणजे डोळा, असं तोडून अर्थ लावायचा नाही." एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण सर, बैलाचाच कामून? म्हशीचा का न्हाई?"

"उद्या सांगतो," म्हणालो. घरी, बीदरच्या नौबादला, सगळे शब्दकोश उघडले. चार ठिकाणी चार कारणं, खात्रीचं एकही नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "मला माहीत नाही."

वर्गानं टाळ्या वाजवल्या! अजून कळलं नाही, कशासाठी.

*

यंदाच्या चाचणीत 'वाक्यात उपयोग करा' म्हणून हाच शब्द दिला. नववीतल्या सुवर्णानं इंग्रजीत लिहिलं, 'आमच्या बैलाचा डोळा गेला. मी त्या बाजूनं चालते.' व्याकरण बिनचूक, अर्थ चुकलेला. मी लाल फुली मारली. पेपर वाटले तेव्हा तिनं फुलीकडं बघितलं आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघालो, तर गावाबाहेर बापलेक बैल घेऊन शेताकडं चाललेले. बापाच्या हातात कासरा, सुवर्णा बैलाच्या डाव्या अंगाला. मी हॉर्न वाजवून त्याच बाजूनं मोटरसायकल घातली.

"सर, तिकडून नका!"

बैल बिचकून रस्त्यात आडवा फिरला. तिनं मानेवर हात ठेवला, कानाशी काहीतरी पुटपुटली. तो थरथरत उभा राहिला. डावी पापणी टाके घालून कायमची मिटलेली होती.

"राग मानू नका सर," बाप म्हणाला. "आता पोरीबिगर पाऊल उचलत न्हाई तो."

"त्याला तिकडचं दिसत न्हाई, सर," सुवर्णा म्हणाली. "तिकडचं मी सांगते त्याला."

मी गाडी बंद केली, उतरलो आणि ती बैलाच्या उजव्या अंगानं ढकलत त्यांच्याबरोबर चालू लागलो.