सायकल नवी दिसते म्हणून

मंडळी, आज सकाळी घडलं ते लगेच लिहितेय.

आमच्या खाडीकाठच्या मुर्धा गावात होडी रंगवून उरलेला रंग सायकलला लागतो. माझे बाबा दरवर्षी लावतात, त्यामुळे आमची जुनी सायकल कायम नवीकोरी दिसते. बदलूया म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "रंग बघ, कशी नवी हाय. बदलायची न्हाय."

आज सकाळी लेकीला मागे कॅरियरवर बसवून शाळेत सोडायला निघाले. शेजारच्या राई गावाच्या वळणावर कट्ट असा आवाज आला आणि पुढचं चाक एका बाजूला कललं. मागून डंपर हॉर्न मारत येत होता. "उडी मार!" मी ओरडले. ती रस्त्याकडेच्या गवतात पडली, मी तिच्या अंगावर. डंपर थांबलासुद्धा नाही.

दोघींना नुसतं खरचटलंय.

घरी आणून सुरीने रंग खरवडला. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल आणि त्याखाली, चाक धरणाऱ्या फोर्कला हा एवढा तडा. खाऱ्या हवेने लोखंड पार खाल्लेलं. ही सायकल आता भंगारातच जाणार.

बाबांना चार शब्द सुनावायचे होते. पण त्यांनी तड्यावरून अंगठा फिरवला, माझ्या हातातली सुरी घेतली आणि खाडीवर होडीकडे गेले. उद्या पहाटे तीच होडी घेऊन ते समुद्रात जाणार होते.

अजून होडीचा रंग खरवडतायत. मीही तिकडेच निघालेय.

तुमच्या सायकलचा रंग तुम्ही शेवटचा कधी खरवडलात?