द्वारकाचा मण्या

दुपारची जेवणं उरकून मी भांडी पालथी घालत होते, तेव्हा द्वारकाच्या भाच्याचा धाराशिवहून फोन आला. "मावशी, आत्या गेल्या," तो म्हणाला. "सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि मी पेपर घेऊन येईस्तोवर..." मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "चहा पूर्ण प्याली का रे?" "हो, पूर्ण प्याल्या." तेवढ्यानं मला बरं वाटलं. हाती घेतलेली गोष्ट अर्धी टाकणं तिला कधी जमलं नव्हतं. नव्वदीच्या उंबऱ्यावर तिनं चहासुद्धा अर्धा टाकला नाही.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. शोकसभेत भाषणं झाली. करड्या शिस्तीची मुख्याध्यापिका, मुलींना शाळेत आणण्यासाठी वस्ती वस्ती पालथी घालणाऱ्या बाई, असं बरंच बोललं गेलं, आणि ते सगळं खरं होतं. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं सारखी एकच द्वारका येत होती. बंद दाराशी पाठ लावून जमिनीवर बसलेली, मांडीवर गोणपाट, आणि गोणपाटात मण्या.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू पुस्तकं कपाटात गेली होती आणि मराठी शिकवायला माणसं पुरत नव्हती, म्हणून आमच्यासारख्या शिकलेल्या मुलींना बोलावून नोकऱ्या मिळत होत्या. मी सोलापूरकडची, द्वारका तुळजापूरची. दोघींची नेमणूक तेरला झाली. द्वारका लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा झालेली. त्याविषयी ती बोलत नसे आणि मीही विचारत नसे. गावाच्या कडेला नरसिंगआप्पांच्या घराला लागून वेगळ्या दाराची एक खोली होती, ती आम्ही भाड्यानं घेतली. गाव चांगलं होतं, पण आम्ही पाहुण्याच होतो. बायका आमच्याकडं बघून हसायच्या, पदर सावरायच्या आणि पुढं जायच्या. संध्याकाळी दार लावून घेतलं, की आम्ही दोघी आणि कंदील. सुट्टी लागली, की मी पहिल्या गाडीनं घर गाठायची. द्वारका म्हणायची, "तुला परतायला घर तरी हाय. मला इथंच करावं लागंल."

दिवाळीच्या सुमारास नदीकाठच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. ज्या सकाळी त्यांनी मुक्काम हलवला, त्या सकाळी त्यांच्यातली एक बाई आमच्या दारात आली. पदरात एक पिल्लू होतं, मातकट रंगाचं, कानाला पांढरा ठिपका. "बाई, ठिवता का ह्येला? आमच्या चालीला पुरंना. वाटंत मरंल." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर द्वारकानं हात पुढं केले होते. "आपल्याला राखणीला होईल," ती मला म्हणाली. हातभर लांबीचं ते पिल्लू... ते कुणाची राखण करणार होतं!

तेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर पावसानं माती वाहून गेली, की जुन्या काळचे मणी उघडे पडतात. पोरं ते वेचून वर्गात आणायची आणि बाईंना द्यायची. पिल्लू पहिल्यांदा शाळेच्या अंगणात आलं, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "बाईंना आज जित्ता मणी घावला!" त्याचं नाव मण्या पडलं ते तसं.

सुरुवातीला सगळं बरं होतं. मग मण्या दूध टाकायला लागला. अंग वाळत चाललं आणि पोट तेवढं फुगत गेलं. आम्ही समजलो, आईवेगळं पिल्लू आहे, रुळायला वेळ लागेल. एका सकाळी बायका आडावर पाणी भरत होत्या, मण्या उन्हात पडला होता. अचानक त्याची मान ताठ झाली, पाय हवेत झाडले जायला लागले, तोंडातून फेस आला. "पिसाळलं गं बया!" एक बाई किंचाळली. घागरी तिथंच टाकून बायका पळाल्या. द्वारका धावली. तिनं गोणपाट टाकून त्याला गुंडाळलं, उचललं आणि खोलीत नेलं. मागोमाग मी आत शिरले आणि थेट खाटेवर चढून बसले.

काठ्या घेऊन माणसं जमायला वेळ लागला नाही. पुढं नरसिंगआप्पा. द्वारका दारात उभी राहिली. आप्पा वाईट माणूस नव्हते, त्यांना हे काम नकोसंच होतं. "बाई, तुमी लेकीसारख्या. पर गावात बारकी लेकरं हायती. उद्या कुणाला चावलं म्हंजे?"

"लेकरं माझ्याच वर्गात येतात, आप्पा. मला त्यांची काळजी न्हाय का?" तिचा आवाज शांत होता, पण दाराची चौकट तिनं सोडली नाही. "दार बंद ठेवते. मी आत बसते. ही विमल धाराशिवला जाऊन जनावरांच्या डॉक्टरला घेऊन येईल. डॉक्टर म्हणाले पिसाळलंय, तर मी तुम्हाला अडवणार न्हाय. पण नुसत्या भ्यानं मारायचं न्हाय."

"आन् तवर तुमालाच चावलं तर?"

"तर कळंलच की तुम्हाला."

आप्पांनी काठी खाली टेकवली. "बघा बरं..." एवढंच म्हणाले आणि ओट्यावर बसले. मी निघताना द्वारका हळूच म्हणाली, "तू आज आप्पांच्या घरात निज. उगं माझ्यापायी भीती नको घेऊस." मी म्हटलं, "खाटेवरून उतरणार न्हाय, पण खोलीतच निजेन." ती त्याही परिस्थितीत हसली.

धाराशिवच्या गुरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते, हैदराबादला शिकून आलेले. माझं सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "देखो बाई, इथं आल्यापासून मी बैल पाहिले, म्हशी पाहिल्या, एक घोडीपण पाहिली. कुत्र्यासाठी आजवर कोणी आलं न्हाय."

"मग आज आले की," मी म्हणाले. माझ्या तोंडून असं उत्तर कसं गेलं, ते मला अजून कळत नाही. पण ते हसले आणि पेटी घेऊन उठले.

दुपारच्या गाडीनं आम्ही तेरला उतरलो. आत काय बघायला मिळेल, या विचारानं मी झपाझप पुढं निघाले. बघते तर आप्पा ओट्यावर काठी आडवी घेऊन बसलेले, आतून खिडकीशी द्वारका, आणि दोघांच्या यंदाच्या ज्वारीवर गप्पा रंगलेल्या! मण्या तिच्या मांडीवर निपचित पडला होता. डॉक्टरांनी हातात जाड मोजे चढवले, त्याला उलटंपालटं करून पाहिलं, जबडा पाहिला, पोटावर बोटांनी टिचक्या मारल्या. मग दार उघडून बाहेरच्या माणसांना म्हणाले, "पिसाळल्याची निशाणी मला दिसत न्हाय. पोट बघा, नगारा झालाय. जंत हायत, त्यानंच झटका आला. तरी खात्री होईस्तोवर खोलीतच ठेवा, कोणाला चाटू देऊ नका." माणसं एकमेकांकडं बघत पांगली. आप्पांनी काठी भिंतीला लावली आणि मोठा श्वास सोडला.

खरी अडचण पुढं होती. डॉक्टर आत येऊन हळू आवाजात म्हणाले, "औषध कडक हाय. जंत पडतील, पण पिल्लाच्या अंगात जान न्हाय, तेच झेपलं न्हाय तर जाईल. न दिलं, तरी काही दिवसांचाच सौदा आहे. तुम्ही सांगा." द्वारकानं माझ्याकडं पाहिलं. "विमल, तू काय म्हणतेस?" मी मण्याच्या फुगलेल्या पोटाकडं पाहिलं. ती मण्याच्या कानावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "द्या. मी धरते त्याला."

संध्याकाळ झाली. मण्याला ओकाऱ्या झाल्या, जंत पडले, आणि मग तो चिंधीसारखा लोळागोळा होऊन पडला. श्वास चालू आहे का, ते बघायला मी खाटेवरून वाकत होते. शेवटी उतरले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. दिवेलागणीला ती आपणहून बोलायला लागली. "ह्यांना क्षय झाला होता. सासरच्यांनी मला त्या खोलीत जाऊ दिलं न्हाय. सून लहान हाय, तिलाही रोग लागेल म्हणाले. माझ्या भल्यासाठीच म्हणाले ते, विमल. मी दाराच्या बाहेर बसायची. ते आत खोकायचे... आपण बाहेर बसलोय, हे त्यांना ठाऊक होतं का, तेवढंच मला कधी कळलं न्हाय." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. "म्हणून हे जगलं तर बरंच. पण न्हाय जगलं, तरी ह्याला कळंल, कुणीतरी जवळ होतं." मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले. त्या दिवसापर्यंत आम्ही दोघी एका खोलीत राहणाऱ्या मास्तरणी होतो. मैत्रिणी झालो त्या तिथं, त्या जमिनीवर.

पुढचे काही दिवस असेच अधांतरी गेले. भाताची पेज, ताकाची निवळी, कापसाचा बोळा भिजवून जिभेवर पिळायचा. आम्ही शाळेच्या वेळा वाटून घेतल्या. एक शिकवायला, एक मण्यापाशी. आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सगळ्यांत भित्र्या. त्या आमच्या दारावरून जाताना नेसण आवरून पळायच्या. एका सकाळी त्यांनी खिडकीतून वाटी आत सारली. "शेळीचं हाय. कोमट करून पाजा. आन् मी दिलं म्हून ह्यांना सांगू नका." गंमत म्हणजे, त्याआधीच आप्पांनी स्वतः शेळीचं दूध आणून दिलं होतं आणि काकूंना सांगू नका म्हणून बजावलं होतं.

वर्गातली पोरं तर वेगळीच. राज्य बदललं, तरी हजेरीला "हाजिर" म्हणायची सवय गेली नव्हती. शेवटचं नाव झालं, की कुणीतरी मागून ओरडायचं, "बाई, मण्या राहिला!" द्वारका मान वर न करता म्हणायची, "मण्या आजारी रजेवर." वर्ग गंभीर व्हायचा. त्या दिवसांत बायका आडावर मला थांबवून विचारायला लागल्या, "खाल्लं का वं त्यानं काही?" मण्यापासून सुरू झालेलं बोलणं मग माझं माहेर, द्वारकाचं तुळजापूर, भाजीत काय घालता इथपर्यंत जायचं. ज्या बाईनं पिसाळल्याची हाळी दिली होती, ती तर भाकरी थापायला शिकवते म्हणून आमच्या चुलीपाशी येऊन बसली. आम्हाला भाकरी येत होती. पण द्वारकानं मला डोळ्यांनी दटावलं, आणि आम्ही पुन्हा शिकलो.

मण्याला खोलीबाहेर काढायला डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या सकाळी आप्पा मुद्दाम बघायला आले. हातात नेहमीची काठी. मण्या डगडगत उंबऱ्यावर आला, काठीकडं बघितलं, चारी पाय रोवले आणि भुंकला. ते भुंकणं म्हणजे शिंकेला शोभेल एवढंच, पण आप्पा हरखून गेले. "वळखतंय मला! आवं, बघा, वळखतंय!" द्वारका उंबऱ्यावरच बसून हसायला लागली, हसता हसता रडली, आणि मग पदरानं तोंड पुसून शाळेत गेली. हजेरी संपली, नेहमीची हाक आली, आणि तिनं उत्तर द्यायच्या आत अख्खा वर्ग दाराकडं बघून ओरडला, "हाजिर!" दारात मण्या उभा होता.

तो पुढं चांगला दणकट कुत्रा झाला आणि पुष्कळ वर्षं जगला. मी लग्न होऊन तेर सोडलं. द्वारका तिथं राहिली, तिथंच मुख्याध्यापिका झाली, आणि निवृत्तीनंतर भाच्याकडं धाराशिवला गेली. मण्यानंतर तिच्या घरी कायम कुठलं ना कुठलं कुत्रं असे. रस्त्यावर सापडलेलं, लंगडं, एकडोळं. आम्ही वर्षातून एकदा तरी भेटायचो. ती दुःखी होती असं मला कधी वाटलं नाही. भरल्या घरातल्या बाईसारखी ती निवांत असायची.

परवा मी तिच्या भाच्याकडं गेले होते. तिच्या खोलीत नेऊन त्यानं मला पलंगावर बसायला सांगितलं. मी बसायला गेले आणि धपकन इतकी खाली गेले, की गुडघे हनुवटीला लागायचे राहिले. सागवानी, नक्षीचा, तिच्या वडिलांचा पलंग, आणि चारही पाय वीतभर ठेवून कापलेले! भाचा हसला. "मागच्या वर्षी सुताराला बोलावून कापून घेतले आत्यांनी. आमचा सोन्या म्हातारा झालाय, उडी मारता येत न्हाय त्याला. सुतार म्हणाला, आत्या, येवढं चांगलं लाकूड का वाया घालवता? तर म्हणाल्या, त्याला चढता येत न्हाय, मला वाकता येतं."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात सोन्या शेपूट हलवत आला. थकलेला, तोंड पांढरं झालेला. त्यानं माझा वास घेतला, पुढचे पाय पलंगावर टेकवले, मग सावकाश मागचे ओढून घेतले, आणि भिंतीकडची जागा सोडून अलीकडं, कडेला निजला. भिंतीकडची जागा कुणाची, ते मला सांगावं लागलं नाही. भाचा म्हणाला, "उठा मावशी, चहा झालाय." मी म्हटलं, "इथंच आण." एक तर त्या पलंगावरून मला एकटीला उठता येणार नव्हतं, आणि दुसरं... सोन्यानं मान माझ्या मांडीवर टाकली होती. मी चहा घेतला. पूर्ण घेतला.