ब्लॉकवरचा सात

"धुऊ नका हां. त्यानं लिवलंय त्यावर."

टेम्पोतून इंजिन ब्लॉक उतरवताना वाघोलीचे शितोळे अण्णा एवढंच म्हणाले. स्वारगेटजवळ माझं मशिन शॉप आहे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा बिडाचा सांगाडा. त्याच्या गोल भोकांत, म्हणजे सिलिंडरमध्ये, पिस्टन वर-खाली होतात. ती भोकं मापात कापण्यात माझी तीस वर्षं गेली.

ब्लॉक त्यांच्या मुलाच्या, रोहितच्या जीपचा. इंजिनाची ताकद वाढवायची म्हणून त्याने खोललं होतं. तीन महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि सव्विसाव्या वर्षी तो गेला.

"त्याच्या मनासारखं करा. मला त्यातलं काय कळत न्हाय," अण्णा म्हणाले.

ब्लॉकच्या बाजूवर पांढऱ्या पेंट मार्करने चारही सिलिंडर कापायची मापं लिहिली होती. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. पोरगं शिस्तीचं होतं. आकडे मी जॉब कार्डवर उतरवले आणि ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत सोडला. तिच्यात तेल, काजळी, रंग सगळं निघून जातं.

आमच्याकडे पद्धतच तशी. घाणीवर घेतलेलं माप चुकतं. 'धुऊ नका' हे मी ऐकलं होतं. पण आकडे जातील म्हणून त्यांना काळजी, असा मी अर्थ लावला. आकडे तर माझ्याकडे होते.

बीड भलतंच कडक निघालं. पहिल्याच सिलिंडरला कापायच्या हत्याराच्या कार्बाइड टिपची धार गेली. मग हिऱ्याखालोखाल कडक असते ती सीबीएनची टिप लावली. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आवळलं की भोकं किंचित वाकडी होतात, म्हणून वर जाड प्लेट आवळूनच शेवटची घासाई केली. चारही सिलिंडर पाच मायक्रॉनच्या आत आले. असं काम वर्षात एखादं होतं. मी खुशीत होतो.

अण्णा आले. सिलिंडरकडे त्यांनी पाहिलंही नाही. वळसा घालून बाजूला गेले आणि उकिडवे बसले. धुऊन तेल लावलेल्या कोऱ्या बिडावरून त्यांनी हात फिरवला.

"गेलं व्हय?"

"अण्णा, आकडे आहेत ना माझ्याकडे. एकही चुकलेला नाही." मी कार्ड पुढे केलं. हे बोललो याची अजून लाज वाटते.

त्यांनी कार्ड सावकाश वाचलं.

"हा सात त्याचा न्हाय," म्हणाले आणि कार्ड परत दिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आतली भोकं डिझेलने हातानं पुसून घेता आली असती. अर्धा दिवस जास्त गेला असता, एवढंच.

जीप सुरू झाली. रोहितला हवी होती तशीच ओढते, असं फिटर सांगत होता. अण्णा मात्र तिच्यात बसत नाहीत.

आता टाकीत सोडण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो, यावर कुणी काही लिहिलंय का? लोक हसतात. "धुवा हो बिनधास्त," म्हणतात. तरी मी ब्लॉक चारही बाजूंनी बघून घेतो.