आरसेवालीचा उजवा हात

केंचनकट्ट्याच्या चेन्निगरायाच्या देवळात दगडी बायका किती, असं कुणी विचारलं तर पुजारी भट्टर सांगतील ‘शंभर’, हासनहून येणारा गाईड सांगेल ‘असंख्य’ आणि देवीरम्मा सांगेल ‘बेचाळीस’. खरं तिचंच. रोज सकाळी मऊ कुंचा घेऊन त्यांच्या नाकाकानांतली कोळिष्टकं तीच काढते. कुणाच्या पायात काटा रुतलाय, कुणाचा पदर माकड ओढतंय, कुणाच्या मृदंगाचा कडेचा टवका उडालाय, सगळं तिला सुनांच्या खोड्या ठाऊक असाव्यात तसं ठाऊक. परगावचे लोक येतात, माना वर करून ‘वा वा’ करतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात शेंगा खात निघून जातात. त्यांना काय डोंबल दिसणार!

हे काम आधी तिच्या नवऱ्याचं, मल्लाचारीचं. घराणं पाथरवटाचं. खापरपणजोबा म्हणे मूर्ती घडवायचे. आजोबांपर्यंत येता येता नुसते पाटे-वरवंटे उरले, आणि घरोघर मिक्सर आल्यावर तेही गेले. मग मल्लाचारी देवळाचा राखणदार झाला, तो अठ्ठावीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि चहा संपायच्या आत माणूस गेला. पुरातत्त्व खात्यानं त्याचा कुंचा आणि किल्ल्यांचा जुडगा देवीरम्माच्या हाती दिला. त्या पगारावर तिची चूल पेटते.

मल्लाचारी म्हणजे अबोल बाबा. चार शब्द बोलला की दिवसभराचा कोटा संपला. त्याचा एक वेडेपणा मात्र सगळ्या गल्लीला माहीत होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पंधरा दिवस रोज दुपारी तो बायकोला ओसरीवर उजेडात बसवायचा.

“कुंकू लाव.”

“सकाळी लावलंय की!”

“पुन्हा लाव. आणि हात तसाच धर. हलू नकोस.”

देवीरम्मा लाजून अर्धी व्हायची. लहानपणी जात्याखाली सापडून तिच्या उजव्या करंगळीचं टोक वाकडं झालं होतं, ते ती मुठीत दडवायला बघायची, तर हा खेकसायचा, “करंगळी लपवू नकोस!” कुंपणापलीकडून पुट्टतायी ओरडायची, “अक्का, भावोजींना तुझं वेड लागलंय गं, गाव सोडून पळून जा!” सोळाव्या दिवशी सगळं बंद. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “झालं काम.” नव्याची नवलाई संपली, दुसरं काय, असं म्हणून देवीरम्मानं नाचणीचं पीठ मळायला घेतलं.

आता आरसेवालीचं सांगतो. मंडपाच्या दक्षिण कोपऱ्यात, जिथं दिवसाही अंधार असतो, तिथं पुरुषभर उंचीवर ती उभी आहे. डाव्या हातात आरसा, मनगटभर बांगड्या. दगडाच्या, पण एकेक मोजून घ्या. उजवा हात कपाळाकडे नेलेला, टिळा लावायला. त्या हाताचं मनगट मात्र ओकंबोकं. गाईड म्हणायचा, “बाईसाहेबांना घाई झाली होती, एकाच हातात भरल्या.” लोक हसायचे. देवीरम्माला कधी हसू आलं नाही. तिला वाटायचं, कुणीतरी तिला बांगड्या आणतो म्हणून गेलाय आणि ती अजून वाट बघतेय. मल्लाचारीही तिथून जाताना हटकून थांबायचा, वर बघायचा आणि नाक चोळून पुढं जायचा.

यंदा गौरीच्या दिवशी, इकडे गौर गणपतीच्या आदल्या दिवशी येते, गावातल्या बायका नेहमीप्रमाणे देवळात जमल्या. नव्या साड्या, हातात सुपं, सुपांत हळद-कुंकू, बांगड्या, फणी, डाळ-तांदूळ. सुपावर सूप झाकून एकमेकींना वाण द्यायची गडबड. देवीरम्मा मध्येच समया पुसत होती. पुट्टतायी म्हणाली, “अक्का, तू जरा त्या खांबापलीकडे हो गं. वाण देतोय.”

पुट्टतायी मनाची वाईट नाही. मल्लाचारी गेला तेव्हा तीच आठ दिवस डबा घेऊन येत होती. रीत आहे म्हणून बोलली, झालं. पण देवीरम्माला ते असं लागलं म्हणता, की खांबापलीकडे जाऊन ती फडकं पिळत बसली, कोरडं फडकं. रीत ज्यानं केली त्याचं वाटोळं होवो, असंही मनात येऊन गेलं, आणि सणाच्या दिवशी असं आलं म्हणून तिनं आपल्याच तोंडात मारून घेतलं.

बायका गेल्या. देवीरम्मा मागच्या दारानं घरी गेली, ट्रंक उघडली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या होत्या. शेवटच्या जत्रेत मल्लाचारीनं न सांगता आणलेल्या. गौरीला घालीन म्हणून तिनं ठेवल्या आणि गौरीच्या आधीच तो गेला.

“माझ्या नशिबी नाहीत तर नाहीत,” ती आरसेवालीसमोर स्टूल ठेवत म्हणाली, “तुझ्या तरी असू देत.”

आता हा गुन्हा आहे हे तिच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं. मूर्तींना तेल, कुंकू, हार, काही लावायचं नाही, निळ्या पाटीवर लिहिलंय. पाटी पुसतेही तीच. मागल्या वर्षी एका पोटुशा पोरीनं नाचणारीच्या पावलाला लोणी लावलं तर हिनं तिची आई काढली होती. पण त्या दुपारी डोकं ठिकाणावर होतं कुठं? दोन बांगड्या दगडी बोटांवरून मनगटावर गेल्या. सैल होत्या, पण काय दिसल्या! हिरव्यागार, काळ्या दगडावर. तिसरी घालायला ती टाचा उंचावून वाकली, बायकांनी सांडलेल्या समईच्या तेलावरून स्टुलाचा पाय सरकला आणि देवीरम्मानं धरायला जे हाताला आलं ते धरलं.

खट्ट.

ती खाली बसलेली होती. तीन बांगड्यांच्या काचा आजूबाजूला. आणि तिच्या हातात आरसेवालीचा हात.

मनगटाच्या तुटल्या जागी मधोमध एक तांबूस ठिपका होता. देवीरम्माची बोबडीच वळली. दगडाला रक्त? तिनं दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही, हात फडक्यात गुंडाळला, काचा वेचल्या, घर गाठलं आणि फडक्याचं ते गाठोडं नाचणीच्या डब्यात कोपरापर्यंत खोल खुपसलं. मग तिला घाम फुटला. आठशे वर्षं पाऊस, माकडं, लढाया कुणाला जमलं नाही, ते हिनं एका दुपारी करून दाखवलं होतं. आणि परवा खात्याचे इंदुधर साहेब येणार होते, जुनी फाईल घेऊन, एकूण एक मूर्ती ताडून बघायला. नोकरी जाणार हे नक्की. तुरुंग आहे की नाही एवढंच बघायचं होतं.

संध्याकाळच्या पूजेला आलेल्या भट्टरांना तिनं सांगून टाकलं. भट्टर सत्तरीचे, पोट पुढं, जीव लहान. त्यांनी आधी कानांवर हात ठेवले, मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला.

“कुणी बघितलं?”

“कुणी नाही, स्वामी.”

“मग झालं तर. माकडानं तोडला. माकडाला कोण विचारणार?”

“आणि देवाला काय सांगू?”

“देवाचं मी बघतो, ते माझं खातं. तू फक्त साहेबापुढं तोंड उघडू नकोस, बाई. म्हातारपणी मला साक्षीला उभं राहायला लावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी गणपती. पुट्टतायीनं होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, आणून दिल्या, तुपाची धार सोडून. देवीरम्माच्या घशाखाली घास उतरेना. नाचणीचा उंडा करायचा तर डब्याला हात लावायची छाती होईना. घरात धान्य असून उपास. मल्लाचारीचा फोटो भिंतीवर होता, त्याच्याकडे तिनं पाठ केली. अठ्ठावीस वर्षं ज्यानं एक टवका उडू दिला नाही, त्याला काय तोंड दाखवायचं?

तिसऱ्या दिवशी दहा वाजता साहेब आले. इंदुधर साहेब म्हणजे निवृत्तीला आलेला शिडशिडीत माणूस, नाकावर चष्मा, बगलेत फाईल. फाईलमध्ये सत्तर वर्षांपूर्वीचे फोटो, प्रत्येकाखाली टीप. एक मूर्ती, एक फोटो, एक बरोबरची खूण. देवीरम्मा बॅटरी धरून मागून. भट्टर गाभाऱ्याच्या दारात उगाचच घंटा पुसत.  काटेवाली झाली, माकडवाली झाली. साहेब दक्षिण कोपऱ्यात आले.

“उजेड धर.”

तिनं बॅटरी वर केली. साहेबांनी आरसेवालीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. “उजवा हात मनगटापासून नाही,” ते पुटपुटले, आणि बरोबरची खूण केली. पुढच्या मूर्तीकडे वळले.

देवीरम्मा जागची हलेना. गाभाऱ्यातून भट्टर तिला डोळे मोठे करून खुणावत होते, चल, चल, सुटलीस! आणि खरंच सुटली होती ती. साहेबाला काही कळलंच नव्हतं. देवानं दार उघडून दिलं होतं, नुसतं बाहेर पडायचं. पण तिला पडवेना. आज साहेब फसला, उद्या सकाळी कुंचा घेऊन आरसेवालीपुढं उभं कोण राहणार?

“साहेब, थांबा. तो हात माझ्याकडे आहे.”

“कुठला हात?”

“तिचा. परवा माझ्याकडून तुटला. मी तिला बांगड्या भरत होते.” आणि मग काय, धरण फुटलं. गौरी, खांबापलीकडे हो, ट्रंक, स्टूल, तेल, सगळं एका दमात. “मला काय ती शिक्षा करा. भट्टरस्वामींचा यात काही संबंध नाही, त्यांनी फक्त माकडाचं सांगितलं.”

घंटा ठाणकन खाली पडली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “अम्मा, शुद्धीवर आहेस ना? हा फोटो बघ.” तिनं बघितलं. पिवळट फोटोत आरसेवाली उभी होती. डाव्या हातात आरसा. उजवा हात मनगटाशी संपलेला. “सत्तर वर्षांपूर्वी नव्हता तो हात परवा तुझ्याकडून कसा तुटेल? आण बघू.”

देवीरम्मा धावत गेली आणि नाचणीच्या पिठानं माखलेलं गाठोडं घेऊन आली. साहेबांनी हात उजेडात नेला, फुंकर मारली, नखानं खरवडला, तुटल्या जागेशी डोळा लावला. आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“रक्त म्हणे! गंज आहे हा. आत सायकलची तार आहे, चाकाची. आठशे वर्षांपूर्वी राजाच्या पदरी सायकल होती का गं अम्मा? दगडाची भुकटी, चुना, गूळ… काय मिसळण जमवलीय! मी स्वतः दोनदा ह्या कोपऱ्यातून फिरून गेलो, पण हातात फाईल नव्हती, शंकासुद्धा आली नाही.” ते भट्टरांकडे वळले. “कुणाचं काम हे?”

भट्टर घंटा पोटाशी धरून पुढं आले. माकडाचा विषय निघत नाहीय म्हटल्यावर त्यांना कंठ फुटला. “मल्लाचारीचं असणार, साहेब. कामाला लागला त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याची सायकल एका तारेनं कमी होती. मी विचारलं तर म्हणाला, ‘एका बाईला हवी होती.’ मला वाटलं… जाऊ दे, मला काय वाटलं ते.”

देवीरम्माचा जीव भांड्यात पडला म्हणावं, तर पडला आणि तिथंच हुंदके देऊ लागला. ती खालीच बसली. नोकरी होती. तुरुंग नव्हता. आठशे वर्षांचं काही मोडलं नव्हतं. तिला एकदम कडकडून भूक लागली.

“नियमानं हे चूकच,” साहेब म्हणाले. “पण ज्याच्यावर खटला भरायचा त्याला समन्स बजावायला वर कोण जाणार? बांगड्यांचं मी ऐकलं नाही. पुन्हा स्टूल लावायचं नाही.” त्यांनी तो हात तिच्या मांडीवर ठेवला. “आणि हा माझ्या यादीत नाही. जे यादीत नाही ते मी नेऊ शकत नाही. तुझ्या माणसाचा आहे, तूच ठेव.”

साहेब पुढच्या मूर्तीकडे गेले. देवीरम्मानं पदरानं पीठ पुसलं. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं त्या हाताकडे नीट बघितलं. टिळा लावायला जुळवलेली बोटं. आणि त्यांच्या कडेला करंगळी, टोकाशी जरा वाकडी.

तिनं आपला उजवा हात शेजारी धरला. कपाळाकडे नेतात तसा.

“हलू नकोस म्हणत होता,” ती भट्टरांना म्हणाली. “मेल्यानं सांगायचं तरी!”

भट्टरांनी पंच्यानं डोळे टिपले आणि समईचा धूर फार होतो म्हणाले. समई पेटलेली नव्हती.

त्या दुपारी देवीरम्मानं नाचणीचे दोन उंडे खाल्ले, वर पुट्टतायीच्या शिळ्या होळिगे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंचा घेऊन निघाली तेव्हा पुट्टतायी कुंपणाशी भांडी घासत होती. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“अक्का! हातात काय? हिरव्या बांगड्या? कुणी भरल्या?”

“नवऱ्यानं.”

“अगं, भावोजींना जाऊन तीन वर्षं झाली!”

“हो,” देवीरम्मा म्हणाली, “त्याचं असंच. सगळं उशिरा सांगायचा.” आणि नऊ बांगड्या वाजवत ती देवळाच्या पायऱ्या चढली.