गरम कॉइल

गाडी आली माझ्या पगारातून, पण किल्ली लटकायची भाऊजींच्या खोलीतल्या खिळ्यावर. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. पेठेतलं घर, मोठ्याचा मान मोठा, म्हणून मी कधी बोलले नव्हते. सकाळी ते गाडी मंडईपर्यंत न्यायचे आणि भाजी घेऊन परत यायचे. दुपारी ती माझ्याकडे. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीची वेळ अमेरिकेच्या घड्याळाला बांधलेली, त्यामुळे भर उन्हात वारज्याच्या पुढे जावं लागे.

त्या उन्हाळ्यात गाडी वाटेत बंद पडायला लागली. पडायची ती माझ्याच हातात. जरा वेळ उभी केली की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

"सकाळी माझ्याबरोबर बरी चालते," भाऊजी जेवताना म्हणाले. "गाडीला माणूस कळतो."

मी अकोल्याकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी 'तुमच्याकडे बैलगाड्याच ना?' हे काही संपत नव्हतं. पण मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, आणि वीज मोजायचा मल्टिमीटर माहेरच्या पेटीतून बरोबर आलेला. रविवारी सकाळी बॉनेट उघडून इग्निशन कॉइल तपासली. ठिणगी पाडायला लागणारी विजेची ताकद तीच तयार करते. तिच्या आतली तार तुटली की गाडी मुकी. वायरी सोडवून मीटरच्या पिना टेकवल्या. सगळे आकडे जिथल्या तिथे. कॉइल ठणठणीत.

भाऊजी मागेच उभे होते. "झालं समाधान? गाडी ठीक आहे असं आपलं यंत्रच म्हणतंय. मग बिघडलेलं उरलं कोण?" त्यांनी किल्ली खिशात टाकली. "उद्यापासून बसने जात जा."

आमचे हे पेपरातल्या शब्दकोड्यात बुडून गेले. मी रडले नाही, पण आतून पेटले होते.

बसच्या रांगेत घाम पुसताना डोक्यात लख्ख आलं. मी कॉइल थंड असताना तपासली होती, आणि गाडी बंद पडत होती तापल्यावर.

एका सुट्टीच्या दिवशी भाऊजी दुपारचे घोरत असताना खिळ्यावरची किल्ली घेतली, कॉइल काढून घरात आणली आणि केस वाळवायच्या ड्रायरसमोर धरली. मीटरवरचा आकडा थरथरला, मग नाहीसा झाला आणि डावीकडे नुसता एक उरला. वीज पुढे जाईनाशी झाली की मीटर तो एक दाखवतो. म्हणजे आतली तार तुटलेली. थंड असताना तिची टोकं चिकटत होती, तापली की सुटत होती.

तेव्हाच घर गोळा करून दाखवता आलं असतं. पण मला न्याय नको होता, मला उट्टं काढायचं होतं. नवी कॉइल आणून मी मीटरबरोबर पर्समध्ये ठेवली आणि बिघडलेली पुन्हा गाडीत बसवली.

मे महिन्यात भाऊजींचे मेहुणे मुंबईहून आले. त्यांना वारज्याला फ्लॅट बघायचा होता. दुपारी भाऊजी ऐटीत स्टिअरिंगवर बसले. मीही येते म्हणाले आणि पर्स मांडीवर घेऊन मागे बसले.

वारज्याच्या चढावर गाडी मेली. भाऊजींनी किल्ली फिरवून पाहिली, बॉनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले. मेहुण्यांनी डोक्यावर रुमाल टाकला. मी जागची हलले नाही. काच खाली करून विचारलं, "भाऊजी, आत्ता चालवत कोण होतं हो?"

"गाडीच खराब आहे," ते म्हणाले.

"असं? गाडीला तर माणूस कळतो ना?"

कॉइल निवायच्या आत मन भरेल इतकं त्यांना उन्हात उभं ठेवलं. मग उतरले, वायरी सोडवल्या, पिना टेकवल्या आणि मीटर त्यांच्या नाकासमोर धरला.

"वाचा."

"एक."

"पाहुण्यांना ऐकू आलं नसेल."

त्यांनी पुन्हा वाचलं. मी ओढणीने धरून तापलेली कॉइल काढली, नवी बसवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. परत येताना मी चालवली. भाऊजी मागे बसले, खिडकीबाहेर बघत.

किल्ली तेव्हापासून माझ्या पर्समध्ये आहे. त्यांच्या खिळ्यावर मी ती जुनी कॉइल लटकवली. काढायची कोणाची छाती झाली नाही. मंडईला जायचं असलं की भाऊजी सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहायचे. मी किल्ली द्यायची, पण आधी रोज विचारायची, "चालवणार कोण?"