रुओयुनचं नववं प्रकरण

त्या दिवशी सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं. म्हटलं, रुओयुन, चल दवाखान्यात, दुकान बंद करते मी. तर म्हणे, "ताई, चार वाजता लंडनच्या बाईंचा फोन आहे. तेवढा होऊ दे."

फोन झाला. आणि साडेपाचला आमच्या लोणच्याच्या दुकानातच गेली ती, मिठाच्या पोत्याला टेकून. माझी धाकटी बहीण. चोपन्न वर्षांची.

लोक म्हणतात राग सोड. का सोडू?

आमच्याकडच्या चिनी विज्ञानकथा ती इंग्रजीत करायची. पंचवीस वर्षं तेच केलं. चेंगदूत असलं लिहिणारे ढीग आहेत, पण बाहेरच्यांना कळेल असं करून देणारे किती? मी पाचवी शिकलेली. तरी प्रत्येक पुस्तक आधी मला ऐकवायची. मी बरण्या भरायची, ती वाचायची. मधेच थांबून, "ताई, इथे काय वाटलं?" भूक लागली म्हटलं की ओरडायची. पण लिहूनही घ्यायची.

शेवटच्या पुस्तकात एक यान होतं, पृथ्वी सोडून दोनशे वर्षं झालेलं. नवव्या प्रकरणात त्यातला एक म्हातारा मेलेल्या आईच्या नावानं कागदी पैसे जाळायला बसतो. आपण काढतो तसा खडूनं गोल काढतो, त्याला घराच्या बाजूला फट ठेवायची, म्हणजे पैसे गेलेल्या माणसापर्यंत पोचतात. पण घर कुठल्या बाजूला? यानात कुणालाच ठाऊक नाही. म्हातारा खडू हातात धरून नुसता बसून राहतो. मी रडले. हात मिरचीचे, त्यांनीच डोळे पुसले, मग आणखी रडले.

पुस्तक छापणाऱ्या त्या लंडनच्या बाई म्हणाल्या, हे काढा. बंद यानात आग कोण लावतं? आमचे वाचक हसतील.

त्या दिवशी फोनवर दीड तास भांडली त्यांच्याशी. ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"विचार करते म्हणाल्या."

"म्हणजे नाही."

"तुला इंग्रजी येतं का गं?"

"इंग्रजी नाही येत. पण विचार करते म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, एवढं येतं."

हसली. मग पाणी मागितलं. आणायला आत गेले तेवढ्यात...

चार महिन्यांनी पुस्तक आलं. शेजारच्या यिन बाई शाळेत इंग्रजी शिकवतात, त्यांनी पानं चाळली, मग पुन्हा मागे जाऊन चाळली. म्हाताराच नाही त्यात. दहाव्या प्रकरणाला नऊ नंबर दिलाय. आणि पहिल्या पानावर काय, तर निए रुओयुन हिच्या स्मरणार्थ. तिचा जीव ज्यात अडकला तेच कापायचं, वर स्मरण करायचं!

मी म्हटलं, लावा त्या बाईंना फोन, मी बोलते, तुम्ही इंग्रजीत सांगा. लागला. मी बोलायला लागले. म्हटलं, तुमच्या फोनसाठी माझी बहीण दवाखान्यात गेली नाही. तुम्हाला जे हसू येईल वाटलं ते ऐकून पाचवी शिकलेली बाई रडली. पुढच्या छपाईत म्हातारा परत घाला, नाहीतर तिचं नाव काढा, तुमचं स्मरण नको आम्हाला. खूप बोलले.

यिन बाई फोनवर इंग्रजीत दोनच वाक्यं बोलल्या. एकदम गोड आवाजात.

"झालं एवढ्यात?"

"अहो ताई, परक्या माणसाला असं तोंडावर कसं सांगायचं? मी जरा..."

"जरा काय? कापलंत? तुम्हीपण?"

त्या लाल झाल्या. पलीकडून बाई हॅलो हॅलो करत होत्या. यिन बाईंनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.